नेट लावा नेटाने!

भंडारा ते नागपूर किती? साधारण ६० किलोमीटर. पण १९९० च्या सुमारास सरकारी संदेश हेच अंतर कसं कापायचा, माहीत आहे का? सरकारच्या संगणक-संस्थेच्या, म्हणजे एनआयसीच्या, ‘निकनेट’ने जिल्ह्यांची मुख्यालयं उपग्रहाने जोडली होती. डिशमधून वर ३६,००० किलोमीटर, खाली दिल्लीच्या मुख्य केंद्रात, पुन्हा वर, मग खाली. जवळपास दीड लाख किलोमीटरची वारी!

हे झालं आकाशातलं. खोलीतलं नेटवर्क याहून ड्रामेबाज!

पीसी चालवणारी प्रणाली म्हणजे डॉस. १९८१ चा पहिला डॉस नेटवर्कच्या बाबतीत कोरी पाटी होता. मग सर्व्हरवरची फाइल उघडायची कशी? नॉव्हेल कंपनीच्या ‘नेटवेअर’ या नेटवर्क-प्रणालीची जोडगोळी होती ना! ‘आयपीएक्स’ नेटवर्क कार्डाशी बोलणार, ‘नेटएक्स’ मेमरीत ठिय्या देणार. प्रोग्रामने फाइल मागितली की साहेबांच्या केबिनबाहेरच्या शिपायासारखा नेटएक्स आधी अडवणार. ‘सर्व्हरची आहे? इकडे द्या. इथलीच? जा आत.’ आत बसलेल्या डॉसला पत्ताच नाही!

आणि सर्व्हर नेमका ‘एफ’ ड्राइव्हवरच का दिसायचा, माहीत आहे का? ‘ए’ ते ‘ई’ ही अक्षरं डॉस स्वतःसाठी धरून बसायचा. पाहुण्याला पुढचं अक्षर!

जागेची मारामारी तर विचारूच नका. डॉसच्या प्रोग्रामांना मेमरी अवघी ६४० केबी. त्यात आयपीएक्स-नेटएक्सची जोडगोळी पाय पसरून बसली की मोठा प्रोग्राम दारातच अडायचा. १९९१ च्या एमएस-डॉस ५ ने ‘लोडहाय’ कमांड दिली, आणि या जोडगोळीला वरच्या मेमरीत धाडता आलं.

काही पीसींना तर हार्ड डिस्कही नसे, फ्लॉपीही नसे. नेटवर्क कार्डावरची छोटी रॉम चिप अख्खा डॉसच सर्व्हरवरून ओढून आणायची. बिनडिस्कचा, पण बिनधास्त!

हे पीसी जोडणाऱ्या पातळ कोअॅक्स केबलचं नाव ‘टेनबेस-टू’. त्यातला टू म्हणजे २०० मीटर. प्रत्यक्षात मर्यादा १८५! दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपणं लागत. एक जरी निघालं, तरी सगळ्यांचं नेट गुल.

आता धमाका. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ गेम आला, नेटवर्कवर खेळायचा तोही आयपीएक्सवरच. त्याची पहिली आवृत्ती प्रत्येक पॅकेट नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या पीसींकडे भिरकावायची. दुरुस्ती झाली १९९४ मध्ये. तोवर खेळणारे फार तर चार, आणि रखडलेलं अख्खं ऑफिस!