पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन का होत नाही?

मंडळी, वेबमेलची एक तक्रार अशी आहे की सगळे आधी पासवर्डलाच दोष देतात. पासवर्ड टाकला, क्षणभर पान हललं आणि समोर संदेश आला: हे पान बघायला आधी लॉगिन करा. अहो, आत्ताच तर केलं! स्क्विरलमेल चालवलेल्यांना हा संदेश पाठ असेल. मग लोक पासवर्ड बदलतात, ब्राउझर साफ करतात. उपयोग शून्य, कारण आयमॅप सर्व्हरने पासवर्ड केव्हाच मान्य केलेला असतो.

अडतं पुढे. वेब सर्व्हरला स्वतःची आठवण नसते, प्रत्येक क्लिक त्याला नवा. म्हणून लॉगिन झालं की पीएचपी एक छोटी फाइल लिहून ठेवतं, ‘हा आत आलाय’ अशी. सेंटओएसवर ती /व्हार/लिब/पीएचपी/सेशन इथे जाते. तिथे लिहिता आलं नाही की पुढच्या पानाला तुम्ही अनोळखी.

त्यामुळे पहिल्यांदा एरर लॉग उघडा. ‘परमिशन डिनाइड’ आणि कंसात 13 असेल तर परवानगीचा घोळ.

आमच्याकडे असंच झालं होतं. सेंटओएस 7, अपाचे काढून एनजिनएक्स बसवलेला. पीएचपी-एफपीएम एनजिनएक्स या युजरखाली चालतंय, पण फोल्डरचा ग्रुप अपाचे आणि परवानगी 770. मी ग्रुप बदलला, मेल सुरू, सगळे खूश. पुढे पीएचपीचं अपडेट आलं आणि पॅकेजने ग्रुप गुपचूप पूर्ववत केला. सकाळी अख्खं ऑफिस मेलच्या बाहेर! तेव्हा कळलं, ते फोल्डर आपलं नव्हेच, पॅकेजचं. आपलं वेगळं फोल्डर करायचं, त्या युजरच्या मालकीचं, आणि एफपीएमच्या पूल फाइलमध्ये सेशनचा मार्ग तिकडे वळवायचा. एसईलिनक्स चालू असेल तर नव्या फोल्डरला योग्य लेबलही द्या. नाहीतर परवानग्या अगदी बरोबर दिसतात आणि लिहिणं तरीही अडतं.

आणि कृपा करून 777 देऊ नका. इंटरनेटवर हा सल्ला फुकट मिळतो, पण महाग पडतो. का? सेशन फाइलच्या नावातच सेशनचा क्रमांक असतो. यादी दिसली की फाइल न उघडताही तो क्रमांक हाती लागतो, आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये तेवढ्यावर दुसऱ्याच्या नावाने आत शिरता येतं. स्क्विरलमेल पासवर्डसाठी वेगळी कुकीही मागतं, म्हणून त्याचं थोडं निभावतं. डेबियनवर याच फोल्डरची परवानगी 1733 असते: आत फाइल ठेवता येते, यादी वाचता येत नाही.

लॉगमध्ये 13 ऐवजी 28 दिसला तर परवानग्यांना हात लावू नका, जागा संपलीय. डिस्क अर्धी रिकामी दिसत असेल तर आयनोड मोजा. बारक्या फाइली लाखोंनी साचल्या की जागा उरते, पण नवी फाइल करता येत नाही.