सातबाऱ्यावर नाव नसलेला
आता हडपसरचं उदाहरण घेऊ. तिथल्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास 400 एकर जमीन बिल्डरला विकली नाही. ती एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. 2000 च्या सुमारास मगरपट्टा सिटीचं बांधकाम सुरू झालं. घरं झाली, आयटीच्या नोकऱ्या आल्या आणि शेतकरी भागधारक म्हणून टिकला. याचं कौतुक व्हायलाच हवं.

पण आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. शेतात दोघं राबतात. एकाचं नाव सातबाऱ्यावर असतं, दुसरा रोजंदारीवर असतो. शेत गेलं की पहिल्याकडे शेअर तरी येतो. दुसऱ्याकडे काय येतं? बऱ्याचदा तो मजूर अड्ड्यावर जातो, मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेल्यांच्या शेजारी उभा राहतो.

बरं, 1996 चा बांधकाम कामगार कायदा त्याच्यासाठीच केला गेला होता. पण कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची, तर गेल्या वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचा ठेकेदार रोज बदलतो, त्याने तो कुणाकडे मागायचा?

म्हणून आपली मागणी साधी असावी: दाखल्यासाठी मजुराने वणवण करू नये; रोजच्या हजेरीची नोंद अड्ड्यावरच व्हावी.