मगरिबला बारा वाजतात ते शहर

युरोपला जाणारे आपले लोक सवड मिळाली की स्पेनमधल्या कुर्तुबाला जाऊन येतात. तिथल्या मशिदीचे खांब आणि कमानी पाहतात, आता इथे नमाज पढता येत नाही म्हणून हळहळतात आणि परततात. ती हळहळ खोटी नाही. पण त्याच युरोपात एक जुने शहर असे आहे, जिथे पाच वेळा अजान होते आणि सोळाव्या शतकातला वक्फ अजून चालू आहे. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो. तिथे मात्र आपल्याकडून फारसे कोणी जात नाही. आम्ही गेलो, पाच दिवस राहिलो, आणि एकटेच होतो.

एकटे असल्याचा फायदा असा की ‘चला, बस सुटेल’ म्हणणारे कोणी नसते. मशिदीच्या अंगणात तासभर बसावेसे वाटले तर बसावे. ‘मुसाफिर’ हा शब्द बोस्नियन भाषेतही आहे, फक्त तिथे त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो. त्यांच्या बोलण्यात ओळखीचे शब्द सारखे कानावर पडतात. मोहल्ल्याला ‘महाला’, सवाबला ‘सेवाप’. नमाजला तर ते नमाजच म्हणतात. निरोप घेताना ‘अल्लाहइमानेत’ म्हणतात, म्हणजे अल्लाहच्या अमानतीत. आपल्या ‘खुदा हाफिज’चा जवळचा नातेवाईकच.

जुन्या बाजाराचे नाव बाश्चार्शिया. तांबटांच्या गल्लीत हातोडीची ठकठक सुरू असते. एका तांबटाने आम्हाला स्टूल दिले आणि लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यातून कॉफी ओतली. आमचा पहिला घोट घाईचा होता. त्याने हातानेच ‘सावकाश’ अशी खूण केली.

बाजाराच्या मधोमध गाझी हुस्रेव बेगची मशीद आहे, 1531 मध्ये बांधलेली. हुस्रेव बेग हा उस्मानी सुलतानाचा बोस्नियातला सुभेदार. मशिदीसमोर त्याचा मदरसा आहे. 1537 च्या वक्फनाम्यात त्याने लिहून ठेवले की मदरशाच्या बांधकामातून जो पैसा उरेल त्यातून चांगली पुस्तके विकत घ्यावीत. त्यातून ग्रंथालय उभे राहिले, आणि ते आजही आहे. जवळच असलेल्या बंदिस्त बाजाराची मिळकत याच वक्फची. कम्युनिस्ट राजवटीत वक्फच्या बऱ्याच मालमत्ता सरकारजमा झाल्या, तरी मशीद, मदरसा आणि ग्रंथालय टिकले. आपल्या गावच्या वक्फ जमिनीचे भाडे किती येते आणि जाते कुठे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल, असा विचार त्या अंगणात बसून मनात आलाच.

मशिदीशेजारी घड्याळाचा मनोरा आहे. त्यावरचे काटे पाहून परका माणूस चक्रावतो, कारण हे घड्याळ सूर्यास्ताला बारा वाजवते. दिवस मगरिबला सुरू होतो, त्या हिशेबाने. सूर्यास्ताची वेळ रोज सरकते, म्हणून घड्याळ वरचेवर लावावे लागते. हे काम करणारा तो मुवक्कित. आपल्याकडे ‘बारा वाजले’ म्हणजे सगळे संपले. इथे बारा वाजले की नवा दिवस.

हे शहर एकट्या मुसलमानांचे नाही, हेही सांगायला हवे. काही मिनिटांच्या चालीत जुने ऑर्थोडॉक्स चर्च, सोळाव्या शतकातले यहुदी प्रार्थनास्थळ आणि कॅथोलिक कॅथेड्रल लागते. नदीवरच्या लॅटिन पुलाजवळ 28 जून 1914 रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली गेली आणि पुढे पहिले महायुद्ध पेटले. पर्यटकांची गर्दी तिथेच जास्त. आम्ही तिथे फार थांबलो नाही.

आम्ही जास्त थांबलो ते व्हियेचनित्सासमोर. हे जुने नगरभवन पुढे राष्ट्रीय ग्रंथालय झाले. ऑगस्ट 1992 मध्ये भोवतालच्या डोंगरांवरून त्यावर तोफगोळे टाकले गेले आणि लाखो पुस्तके जळाली. 2014 मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. शहराचा वेढा 1,425 दिवस चालला. हुस्रेव बेगच्या मशिदीवरही गोळे पडले. तिच्या ग्रंथालयातली हस्तलिखिते मात्र वाचली, कारण माणसांनी जीव धोक्यात घालून ती एका जागेहून दुसऱ्या जागी हलवत ठेवली. पाणी आणि भाकरीसाठी रस्ता ओलांडतानाही जिथे निशाणेबाजांची भीती होती, तिथे लोक पुस्तके वाहून नेत होते! फुटपाथवर गोळ्यांनी पडलेले काही खड्डे लाल रंगाच्या राळेने भरले आहेत. त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. त्यावर पाय ठेवायला मन धजत नाही.

बाजारातून वर चढत गेले की कोवाची कब्रस्तान लागते. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा. जन्माचे साल वेगवेगळे. मृत्यूचे मात्र 1992, 1993, 1994, 1995. आम्ही फातिहा पढलो. एक म्हातारी बाई एका कबरीभोवतीचे गवत काढत होती. तिने मान वर करून सलाम केला आणि परत कामाला लागली.

तिथूनच वर पिवळ्या बुरुजावर जाता येते. रमजानमध्ये इफ्तारची तोफ याच बुरुजावरून उडते.

जाणाऱ्यांसाठी थोडे: बोस्निया शेंगेनमध्ये नाही, म्हणून व्हिसाचे नियम आधी वेगळे तपासावेत. जुन्या बाजारातल्या बऱ्याच खाणावळींत दारू मिळत नाही, आणि ‘चेवापी’ म्हणजे आपल्या कबाबांसारखाच प्रकार, रोटीत कांद्याबरोबर देतात. हिवाळ्यात बर्फ पडतो. मोहल्ले डोंगराच्या उतारावर वसलेले आहेत, तेव्हा घरातल्या बुजुर्गांना नेणार असाल तर मुक्काम खाली, बाजाराजवळच घ्या.