तोल गेला, सूर नाही!

२५ सप्टेंबर २०१५. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊस. व्हर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’मधला काउंट दि लूना रंगमंचावर आला मात्र, टाळ्यांचा असा कडकडाट झाला की नाटक काही क्षण थांबलंच. अजून त्यानं एक सूरही लावला नव्हता! खेळ संपल्यावर वादकांनीही खालून त्याच्यावर पांढरी गुलाबं उधळली. या गायकाच्या मेंदूत गाठ आहे आणि लंडनमधले उपचार मध्येच थांबवून तो फक्त तीन प्रयोगांसाठी आलाय, हे सर्वांना ठाऊक होतं.

त्याचं नाव दिमित्री ख्वोरोस्तोव्स्की. रशियाचा जगप्रसिद्ध बॅरिटोन.

बॅरिटोन म्हणजे पुरुषी आवाजाची मधली जात. वर टेनर, खाली खर्जातला बास. ऑपेरात नायक बहुधा टेनर असतो. बॅरिटोनच्या वाट्याला येतो नायिकेचा बाप, नाही तर नायकाचा वैरी! शिवाय मायक्रोफोन नाही. समोरच्या वाद्यवृंदाला ओलांडून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. मेट्रोपॉलिटनमध्ये तर सुमारे ३८०० खुर्च्या!

दिमित्रीचा जन्म १६ ऑक्टोबर १९६२चा, सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्क शहरातला. पोरवयात तो रॉक बँडमध्ये रमला होता. पुढे त्याच शहरात येकातेरिना योफेल या शिक्षिकेनं त्याचा गळा घडवला. १९८९ साली वेल्समधल्या कार्डिफला बीबीसीची जागतिक गायन स्पर्धा झाली. समोर होता घरच्या मैदानावरचा लाडका गायक ब्रिन टर्फेल. त्याला गीतगायनाचं बक्षीस मिळालं. मुख्य किताब मात्र २६ वर्षांच्या दिमित्रीनं पटकावला.

मग जगाची दारं उघडली. त्याच वर्षी फ्रान्समधल्या नीस इथं, तर १९९५ मध्ये मेट्रोपॉलिटनला त्यानं पदार्पण केलं. लंडन, मिलान, व्हिएन्ना... कुठलंच मोठं ऑपेरागृह उरलं नाही. त्याचा दमसास असा की, लांबलचक ओळ श्वास न तोडता सहज पेलायची. चायकोव्हस्कीचा ‘येवगेनी ओनेगिन’ ही तर त्याची ओळखच बनली. तरुणपणीच रुपेरी झालेले केस आणि उमदी शरीरयष्टी... खलनायकावरही प्रेक्षक फिदा व्हायचे!

जून २०१५ मध्ये आजाराचं निदान जाहीर झालं. घात झाला तो वेगळ्याच ठिकाणी. आवाज शाबूत होता, पण शरीराचा तोल जाऊ लागला. ऑपेरा नुसता गळ्यानं होत नाही. जिने चढायचे, गुडघे टेकायचे, तलवारही चालवायची. डिसेंबर २०१६ मध्ये त्यानं नाइलाजानं ऑपेराच्या प्रयोगांतून माघार घेतली.

गाणं मात्र सोडलं नाही. मे २०१७ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या सोहळ्यात त्यानं अचानक हजर होऊन ‘रिगोलेत्तो’ गायला. त्यात बापाची कन्येसाठीची तडफड आहे. पुढच्याच महिन्यात, खांद्याला दुखापत असतानाही, तो क्रास्नोयार्स्कच्या रसिकांपुढे उभा राहिला.

२२ नोव्हेंबर २०१७ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. वय अवघं ५५. त्याच्या अस्थींचे दोन भाग करण्यात आले. एक मॉस्कोत विसावला आणि दुसरा, जिथं त्याचा गळा घडला, त्या क्रास्नोयार्स्कमध्ये.