शेजारच्या बाकावरचा आधार

परीक्षांचे निकाल लागले, की गुणवंतांची छायाचित्रे आम्ही हौसेने छापतो. त्याच सुमारास एखाद्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येचे चार ओळींचे वृत्तही आतल्या पानावर द्यावे लागते. सरकारी नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या.

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. तो स्वागतार्हच आहे. परंतु समुपदेशकाच्या दारापर्यंत मूल पोहोचणार कसे? व्यथित तरुण पुष्कळदा प्रथम बोलतो तो प्राचार्यांपाशी नव्हे, वसतिगृहातल्या सोबत्यापाशी. सोबती बिचारा ‘विसर रे सगळे’ एवढेच म्हणतो. दोष त्याचा नव्हे; त्याला कोणी काही शिकविलेलेच नाही.

हे शिकविता येते. गोव्यातच ‘संगाथ’ संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांना आरोग्यकेंद्रांतील कामासाठी तयार केले. सरकारी केंद्रांतील नैराश्यग्रस्तांना त्याचा लाभ झाल्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. अर्थात ते समुपदेशक प्रौढ होते आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ होते, हे विसरता कामा नये.

विद्यार्थ्याला शिकवायचे ते मोजकेच. उपदेश न करता ऐकावे. मित्राचे जेवण सुटले, तो एकलकोंडा झाला, तर दखल घ्यावी. जीव नकोसा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. आणि जिवाला धोका दिसताच गुप्ततेचे वचन बाजूस ठेवून त्याला एकटे न सोडता जाणत्या व्यक्तीस कळवावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकास पाठ असावा.

संस्थाचालकांना मात्र एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. समुपदेशकाचे वेतन वाचविण्यासाठी ही योजना राबविली, तर ती मुलांच्या कोवळ्या खांद्यांवर टाकलेली वेठबिगार ठरेल. हे सोबती व्यवस्थापनाचे हेरही होता कामा नयेत. तसे झाले, तर त्यांच्यापाशी कोणी मन उघडणार नाही. ऐकणाऱ्याच्या मनावरही भार येतो. तो उतरविण्यास त्याच्यामागे तज्ज्ञ उभा हवा.

बुडणाऱ्याला हात द्यायला पट्टीचा पोहणारा लागतो. पण तो येईपर्यंत काठावरून हाक देणारा आणि दोर टाकणारा तरी असावा. आमच्या शाळा-महाविद्यालयांनी निदान तेवढे विद्यार्थी येत्या वर्षी तयार करावेत, एवढीच आमची मागणी आहे.