गाठ कापण्यापूर्वी तपास

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतील कामगार मांडीवरील गाठ मुका मार समजून अंगावर काढतात. ती बहुधा दुखत नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. परंतु ५ सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची वा वाढती गाठ सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मृदू ऊतींचा कर्करोग, असू शकते. ती तपासाविना कापल्यास रोगपेशी आसपास पसरून पुढील शस्त्रक्रिया मोठी होते. म्हणून आम्ही प्रथम एमआरआय करवून, सुईने तुकडा तपासण्यासाठी व उपचारांसाठी रुग्णास परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्राकडे पाठवितो. पाय राखून शस्त्रक्रिया व किरणोपचार केल्यास पाय कापण्याइतकेच आयुष्य लाभते, असे १९८२ च्या अमेरिकन अभ्यासात आढळले. कामगाराच्या पायावर घरची चूल अवलंबून असते. हा तपास पैशाअभावी अडू नये, यासाठी देणगीदारांचे साहाय्य मोलाचे आहे.