फोर-स्ट्रोक इंजिनाची निगा : विमान-प्रतिकृती कक्षाचा अनुभव

स्नेहसंमेलनाच्या सकाळी विद्यालयाच्या मैदानावरून झेपावणारे छोटे विमान आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याचा आवाज डासासारखा चिरका नसून एखाद्या दूरवरच्या मोटारसायकलीसारखा धीरगंभीर का, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. उत्तर सोपे आहे. त्या विमानाच्या नाकात बसविलेले इंजिन खरोखरच मोटारसायकलीच्या कुळातील, म्हणजे फोर-स्ट्रोक आहे. ते माजी विद्यार्थी व पालक यांच्या वर्गणीतून आलेले आहे. म्हणूनच ते कसे चालते, कसे सांभाळावे लागते आणि एकदा आमच्याच हातून ते कसे बिघडले, याचा हिशेब या स्मरणिकेतून मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

चूक आधीच सांगून टाकतो. कक्ष सुरू झाला त्या पहिल्या वर्षी उन्हाळी सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आम्ही विमान उडविले, टाळ्या घेतल्या, विमान पुसले आणि कपाटात ठेवून दिले. टाकीत अर्धे इंधन होते, इंजिनात तेलाचा थेंबही सोडला नव्हता. पावसाळा गेला. ऑगस्टअखेर मुलांनी पंखा हाताने फिरवून पाहिला, तो तसूभरही हलेना. इंजिन उघडल्यावर बेअरिंगवर तपकिरी गंज आणि कॅमशाफ्टवर डाग दिसले. दोष इंजिनाचा नव्हता, आमचा होता. त्या जाम झालेल्या इंजिनानेच आम्हांस पुढील सर्व धडे शिकविले.

चार टप्पे आणि एक वेगळेपण

निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली यशस्वी चार-टप्प्यांचे इंजिन चालविले. बरोबर शंभर वर्षांनी, १९७६ साली, जपानमधील ओसाकाच्या ओ. एस. या कंपनीने ‘एफएस-६०’ हे विमान-प्रतिकृतींसाठीचे फोर-स्ट्रोक इंजिन बाजारात आणले. पुढे जपानमधीलच सायतो कंपनीनेही याच प्रकारच्या इंजिनांसाठी नाव मिळविले. तळहातावर मावेल एवढ्या या यंत्रात दट्ट्या, सिलिंडर, क्रँकशाफ्ट, दात्यांच्या चक्रांनी फिरणारा कॅमशाफ्ट, पुशरॉड, रॉकर आणि दोन झडपा असा सारा संसार असतो.

पहिल्या टप्प्यात दट्ट्या खाली जातो व उघड्या झडपेतून हवा आणि इंधन आत ओढले जाते. दुसऱ्यात दोन्ही झडपा मिटून मिश्रण दाबले जाते. तिसऱ्यात ते पेटते व दट्ट्याला खाली ढकलते. चौथ्यात दुसऱ्या झडपेतून जळका वायू बाहेर पडतो. म्हणजे पंख्याच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. आवाज खर्जातला वाटतो तो यामुळेच. टू-स्ट्रोकच्या तुलनेत हे इंजिन इंधन कमी पिते आणि मोठ्या व्यासाचा पंखा कमी वेगाने फिरवू शकते. संथ, डौलदार उड्डाणाची विमाने त्याला मानवतात ती म्हणून.

मोटारसायकलीहून मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. येथे ठिणगी देणारा स्पार्क प्लग नसून ग्लो प्लग असतो. सुरुवातीला सुमारे दीड व्होल्टच्या सेलने त्याची तार लाल केली जाते. इंजिन चालू झाल्यावर सेल काढून घेतला तरी दाब, उष्णता आणि प्लॅटिनमयुक्त तारेशी मिथेनॉलचा होणारा रासायनिक संयोग यांमुळे ती तापलेलीच राहते. दोन फेऱ्यांमागे एकच ज्वलन होत असल्याने तार मधल्या काळात निवू न देणारा, फोर-स्ट्रोकसाठीच बनविलेला प्लग वापरावा लागतो.

दुसरे वेगळेपण वंगणाचे. मोटारसायकलीत तेल वेगळे भरतात, येथे ते इंधनातच मिसळलेले असते. टू-स्ट्रोक प्रतिकृती-इंजिनात इंधन क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे बेअरिंगला ताजे तेल मिळते. फोर-स्ट्रोकमध्ये इंधन थेट डोक्याकडे जाते, आणि दट्ट्याच्या कड्याशेजारून जे थोडे झिरपेल तेवढ्यावरच खालच्या बेअरिंगची गुजराण होते. त्या झिरपणाऱ्या तेलाबरोबर ज्वलनातून निर्माण झालेली वाफ आणि आम्लाचा अंशही खाली उतरतो. फोर-स्ट्रोक इंजिने आतून गंजतात याचे मूळ येथे आहे.

इंधन : उपयुक्त आणि घातक

या इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल, एरंडेल वा कृत्रिम तेल आणि नायट्रोमिथेन ही तीन द्रव्ये असतात. फोर-स्ट्रोकसाठी साधारणपणे १० ते १५ टक्के नायट्रोमिथेन असलेले इंधन निवडतात. तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. पैसा वाचविण्यासाठी तेल कमी करणे म्हणजे इंजिनाच्या आयुष्यातून तेवढे दिवस वजा करणे होय.

निवासी विद्यालयात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे आवश्यक आहे. मिथेनॉल विष आहे. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसांचे बळी घेतले, हे आपल्या विस्मृतीत जाऊ नये. पोटात गेल्यास ते दृष्टी हिरावून घेते, जीवही घेते. ते त्वचेतूनही शरीरात शिरते. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागलेली कळण्याआधीच हात भाजू शकतो. म्हणून आमच्याकडे इंधनाचा डबा कुलपात असतो, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असे लिहिलेले असते आणि पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत इंधन ओतण्यास सक्त मनाई आहे. किल्ली शिक्षकांकडेच राहते.

मिथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. झाकण सैल राहिलेल्या डब्यातील इंधन काही दिवसांनी इंजिनास चालत नाही. कोकणात किंवा पावसाळ्यात कोठेही हा डबा घट्ट बंद ठेवावा.

पहिल्या काही टाक्या

नवे इंजिन लगेच विमानावर चढवू नये. प्रथम ते लाकडी ठोकळ्यावर पक्के आवळून जमिनीवर चालवावे. सुईची झडप अधिक उघडी ठेवावी, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त व हवा कमी राहील. यास कारागीर ‘रिच’ म्हणतात, उलट स्थितीस ‘लीन’. पहिली टाकी सुमारे ४,००० फेऱ्यांच्या आत, धूर आणि तेल सोडत चालू द्यावी. नंतर थोडा थोडा वेळ वेग वाढवावा, पुन्हा कमी करावा. दट्ट्याचे कडे आणि सिलिंडर एकमेकांशी जुळेपर्यंत हा संयम लागतो. मुलांना हा काळ कंटाळवाणा वाटतो. आम्ही त्यांना त्या वेळी नोंदवही हाती देतो.

सुरू करण्याची रीत

सुरू करण्यापूर्वी ग्लो प्लगचा सेल जोडलेला नाही याची खात्री करून पंखा हाताने सावकाश दोन-चार फेऱ्या फिरवावा. सिलिंडरात द्रवरूप इंधन साचले असेल तर पंखा एका जागी अडतो. अशा वेळी विजेवर चालणारा स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण द्रव दाबला जात नाही. प्लग काढून इंधन बाहेर टाकावे, मगच पुढे जावे.

फोर-स्ट्रोक इंजिन उलटा झटका देण्यात कुप्रसिद्ध आहे. मिश्रण लीन झाले की अवेळी स्फोट होतो आणि पंखा नटासकट निसटून उडू शकतो. म्हणून या इंजिनाला दोन नट असतात, एक पंखा आवळण्यासाठी आणि दुसरा त्यास अडकवून धरण्यासाठी. दर उड्डाणाआधी दोन्ही तपासावेत. पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंस, कोणीही उभे राहू नये. सुई नेहमी पंख्याच्या मागे राहूनच फिरवावी. बोटाने पंखा फिरविण्यास आमच्याकडे परवानगी नाही. काठी किंवा स्टार्टर वापरावा. मफलर, ओढणी, गळ्यातील दोरा या वस्तू इंजिनाजवळ येण्यापूर्वी दूर ठेवाव्यात.

इंजिन तापल्यावर पूर्ण वेगात सुई हळूहळू बंद करीत जावे. फेऱ्या वाढत जातात आणि एका टोकाला पोहोचतात. तेथेच थांबू नये, सुई किंचित उघडून दोन-तीनशे फेऱ्या कमी कराव्यात. मग विमान नाकाने आकाशाकडे धरावे. वेग ढासळला तर मिश्रण अजून लीन आहे असे समजावे. संथ वेगाची परीक्षा वेगळी असते. इंजिन मंद चालत असताना इंधनाची नळी चिमटीत धरावी. इंजिन तत्काळ बंद पडले तर मंद मिश्रण लीन आहे. फेऱ्या बराच वेळ वाढत राहिल्या तर रिच आहे. फेऱ्या किंचित वाढून मग बंद पडले तर जुळणी ठीक आहे.

टॅपेट

गॅरेजमध्ये ‘टॅपेट वाजताहेत’ हे वाक्य आपण ऐकलेले असते. येथेही प्रकार तोच आहे. दहा हजार फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक झडप मिनिटाला पाच हजार वेळा उघडते आणि मिटते. रॉकर आणि झडपेची दांडी यांत अत्यंत बारीक फट असावी लागते. ओ. एस.च्या अनेक इंजिनांत ती ०.०४ ते ०.१० मिलिमीटर असते. आपल्या इंजिनाचा आकडा मात्र पुस्तिकेत पाहूनच घ्यावा. फट जास्त असेल तर खडखड वाढते व झडप पुरेशी उघडत नाही. फट उरलीच नाही तर झडप पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नाही.

ही तपासणी पहिल्या तासाभराच्या वापरानंतर एकदा आणि पुढे ठरावीक काळाने करावी. इंजिन पूर्ण थंड असावे. दट्ट्या दाबाच्या टप्प्यात सर्वांत वर असावा, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. पातळ पात्याचे फीलर गेज सरकले पाहिजे, जाड पात्याचे सरकता कामा नये. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती हे काम आम्ही मुद्दाम देतो, कारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला किंमत असते हे फळ्यावर शिकविता येत नाही.

दिवसाची शेवटची दहा मिनिटे

आमचे इंजिन ज्या दहा मिनिटांच्या आळसाने गमावले, ती मिनिटे आता आमच्या नियमांत सर्वांत वर आहेत. शेवटच्या उड्डाणानंतर टाकी रिकामी करावी. नंतर सेल लावून इंजिन सुरू करावे आणि उरलेले इंधन जळून ते आपोआप बंद पडू द्यावे. मग क्रँककेसच्या श्वसननळीतून, कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या छिद्रातून गंजरोधक हलके तेल काही थेंब सोडून पंखा हाताने फिरवावा, म्हणजे ते बेअरिंगपर्यंत आणि कॅमपर्यंत पोहोचेल. बाहेरचा तेलकटपणा पुसावा. इंधनाची सिलिकॉन नळी पेट्रोलने धुऊ नये, ती फुगते.

इतके करूनही दीर्घकाळ पडून राहिलेले इंजिन अडले, तर पाना लावून जोर करू नये. बहुधा एरंडेल तेल सुकून चिकटलेले असते. केस वाळविण्याच्या यंत्राने सौम्य ऊब द्यावी व तेल सोडून वाट पाहावी. आमच्या बाबतीत मात्र गंज खोलवर गेला होता. मुलांनी ते इंजिन पूर्ण उघडले, भाग ओळीने मांडले, त्यांची चित्रे काढली आणि नवी बेअरिंगे बसविली. तेच इंजिन पुढच्या स्नेहसंमेलनात उडाले.

हस्तांतर

मैदान निवडतानाही विवेक हवा. ड्रोन नियम, २०२१ नुसार आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग केलेले आहेत. आपले मैदान कोणत्या विभागात येते हे आधी पाहावे, विमान नजरेच्या टप्प्याबाहेर जाऊ देऊ नये आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून कधीही नेऊ नये.

आता प्रत्येक इंजिनाची एक वही आहे. कोणत्या दिवशी किती टाक्या चालल्या, कोणता पंखा होता, टॅपेट केव्हा तपासले, अखेरीस तेल कोणी सोडले, याची नोंद सहीनिशी होते. वर्ष संपल्यावर जुनी तुकडी ही वही नव्या तुकडीच्या हाती देते. पहिल्या पानावर आम्ही आमच्या त्या ऑगस्टची हकिकत कोणाचेही नाव न घेता लिहून ठेवली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी हे इंजिन दिले, त्यांनी स्नेहसंमेलनाला येताना कक्षातही यावे आणि ती वही उघडून पाहावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे. शेवटच्या नोंदीपुढे तेल सोडणाऱ्याची सही नसेल, तर त्यांनी आम्हांस निःसंकोच जाब विचारावा.